महाराणी ताराबाई : राखणारीचे राज्य

मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघावयाची आहे, तीत आपणही काही लिहावे, असे अध्यक्षबाईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवी इयत्तेपर्यंत. त्यानंतर लेखणीशी संबंध आला तो वाणसामानाची यादी आणि भिशीचा हिशेब लिहिण्यापुरताच. फार तर घनसाळ तांदळाच्या खिरीची कृती लिहून देते, म्हटले. त्यावर त्या हसून म्हणाल्या, "कृती दुसऱ्या देतील. मागच्या बैठकीत ज्या विषयावरून एवढी वादावादी केलीत, तोच लिहून द्या." आता स्वतःच ओढवून घेतलेले काम टाळावे कसे? म्हणून हा लेखनप्रपंच. चुकले-माकले सुज्ञ भगिनींनी सांभाळून घ्यावे.

ज्या त्या बैठकीस नव्हत्या त्यांच्यासाठी वाद काय तो आधी सांगते. मंडळाच्या खोलीत जिजामाता, अहिल्याबाई आणि सावित्रीबाई यांची चित्रे आहेत. चौथ्या चित्रापुरती जागा भिंतीवर रिकामी होती. तेथे आपल्या करवीरच्या ताराराणीचे चित्र लावावे, असे मी सुचवले. त्यावर एक वडीलधाऱ्या आक्का म्हणाल्या, "तिचं चित्र नको बाई. तिनं घर फोडलं न्हवं? एका गादीच्या दोन गाद्या केल्या. म्हातारपणी सख्ख्या नातवाला कोंडून घातलं. असल्या बाईचं चित्र बघून आमच्या सुनांनी शिकायचं तरी काय?" सगळ्या हसल्या. मीही हसले, पण मला उत्तर देता आले नाही. उत्तर देता आले नाही म्हणून मी आवाज चढवला, आणि आवाज चढवला म्हणून वाद झाला. घरी आल्यावर वाटले, आपण जिची बाजू घेतली तिची आपल्याला माहिती तरी किती? कोल्हापूरला जाता-येता कावळा नाक्यावरचा तलवार घेतलेला घोड्यावरचा पुतळा पाहिला, एवढीच की नाही?

मग गंगामाई वाचन मंदिरातून पुस्तके आणली. रात्री भांडी आवरल्यावर रोज दोन-चार पाने वाचली. जे समजले ते आपल्यापुढे ठेवते.

गोष्ट सुरू होते ती आपल्या अंगणातच. आजऱ्याहून फार लांब नाही असे नेसरी गाव. तेथल्या खिंडीत २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरनोबत प्रतापराव गुजर अवघ्या सहा स्वारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातहीजण कामी आले, ही हकिगत आपण सर्वजणी लहानपणापासून ऐकत आलो आहोत. प्रतापराव पडल्यावर शिवाजी महाराजांनी सरनोबतीची वस्त्रे दिली ती तळबीडच्या हंसाजी मोहित्यांना. तेच हंबीरराव मोहिते. पुढच्या वर्षी, १६७५ साली, या हंबीररावांना मुलगी झाली, तीच ताराबाई. हंबीररावांची बहीण सोयराबाई महाराजांच्या घरात दिलेली होती. तिचा मुलगा राजाराम. म्हणजे ताराबाई ही राजारामाच्या मामाची मुलगी. आपल्याकडे मामाची मुलगी करून घेण्याची रीत आहे तशीच ही सोयरीक झाली. सेनापतीच्या घरची मुलगी असल्याने घोडा, तलवार आणि स्वारीच्या गोष्टी तिला परक्या नव्हत्या.

लग्नानंतर थोड्याच वर्षांत आभाळ कोसळले. १६८७ साली वाईजवळच्या लढाईत हंबीरराव पडले. १६८९ च्या मार्चमध्ये संभाजी महाराजांना औरंगजेबाने हाल करून मारले. त्याच वर्षी रायगड गेला, आणि येसूबाई व त्यांचा सात वर्षांचा शाहू मोगलांच्या कैदेत पडले. राजाराम महाराज वेश पालटून दूर कर्नाटकात जिंजीच्या किल्ल्यावर पोहोचले. इकडचा मुलूख रामचंद्रपंत अमात्यांसारख्यांच्या हवाली. पुढे ताराबाईही जिंजीला गेल्या. तेथे १६९६ साली त्यांना मुलगा झाला, त्याचे नाव आजोबांवरून शिवाजी ठेवले. १६९८ साली जिंजीही पडली. सर्वजण पुन्हा महाराष्ट्रात आले आणि १७०० च्या मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांनी देह ठेवला.

येथे जरा थांबून विचार करा. बाईचे वय पंचवीस. मुलगा चार वर्षांचाही नाही. वडील नाहीत, नवरा नाही. राजधानी नाही, खजिना नाही. खरा वारस म्हणून ज्याच्याकडे पुष्कळजण पाहात होते तो शाहू शत्रूच्या छावणीत. आणि समोर सारा हिंदुस्थान मुठीत ठेवणारा बादशहा, जो १६८१ पासून दक्षिणेत उतरून बसलेला. विजापूर आणि गोवळकोंडा या दोन्ही पातशाह्या त्याने तोपर्यंत गिळल्या होत्या. राजाराम गेल्याचे समजल्यावर आता मराठ्यांचे राज्य संपले, असे मोगलांच्या छावणीत वाटले असल्यास नवल नाही.

ताराबाईंनी काय केले? आपल्या मुलाला गादीवर बसवले आणि कारभार स्वतःच्या हाती घेतला. प्रारंभी त्यांनी बादशहाकडे तहाचे बोलणेही लावून पाहिले, असे मोगली कागदांत येते. बादशहाने ते झिडकारले. मला यात कमीपणा वाटत नाही. घर जळत असता आधी पाणी कोठे मिळते ते पाहावे लागते. तह होत नाही म्हटल्यावर मात्र त्यांनी मागे वळून पाहिले नाही.

त्यांच्या कारभाराच्या तीन गोष्टी माझ्या ध्यानात राहिल्या.

पहिली गोष्ट किल्ल्यांची. बादशहा स्वतः किल्ले घेण्यास निघाला होता. साताऱ्याचा किल्ला आणि परळी १७०० साली, पन्हाळा १७०१, विशाळगड १७०२, सिंहगड १७०३, राजगड आणि तोरणा १७०४, असे एकामागून एक किल्ले त्याने घेतले. वाचताना वाटते, अरे, ही तर नुसती हारच! पण हे किल्ले कसे गेले ते पाहिले पाहिजे. किल्लेदाराने महिनोन् महिने लढवावे, शत्रूचे पैसे, माणसे आणि बैल खर्ची घालावेत, पावसाळा तोंडावर आला की रक्कम ठरवून घ्यावी, आपली माणसे सुखरूप बाहेर काढावी आणि रिकामा किल्ला द्यावा. बादशहाची पाठ फिरली की तोच किल्ला परत घेण्याच्या खटपटीला लागावे. बहुतेक मोठे किल्ले बादशहाने असे पैसे मोजूनच घेतले. म्हणजे त्याच्याच पैशांवर आपली फौज जगत होती.

आणि आपला पाऊस! १७०२ च्या जूनमध्ये विशाळगड घेऊन बादशहा पन्हाळ्याकडे निघाला. अंतर ते किती? पण मृगाचा पाऊस लागलेला, ओढे-नाले दुथडी, हत्ती चिखलात रुतलेले, तंबू भिजून जड झालेले. एवढेसे अंतर काटण्यास त्या अफाट लष्कराला महिन्याहून अधिक काळ लागला. ज्येष्ठ-आषाढात हिरण्यकेशी आणि चित्री फुगल्या की शेजारच्या वाडीला जाणे आपल्याला किती जड जाते, हे आपण जाणतोच. ज्या मुलखात आपण राहतो त्याचा डोंगर आणि पाऊसही आपल्या बाजूने लढवावा, ही युक्ती शिवाजी महाराजांची, आणि ती त्यांच्या सुनेने पुरती उचलली होती.

दुसरी गोष्ट म्हणजे युद्ध आपल्या दारातून शत्रूच्या दारात नेले. बादशहा इकडे एका किल्ल्यापुढे सहा-सहा महिने अडकून बसला असता मराठी फौजा वऱ्हाडात, खानदेशात, नर्मदेपलीकडे माळव्यात आणि १७०६ साली गुजरातेत शिरल्या. नुसती लूट करून त्या परतल्या नाहीत. ठिकठिकाणी आपले कामाविसदार नेमून चौथाई वसूल करू लागल्या. पुढे पेशव्यांच्या काळी मराठी राज्य नर्मदेपलीकडे पसरले, त्याच्या वाटा या सात वर्षांत मळल्या होत्या.

तिसरी गोष्ट माणसांची. रामचंद्रपंत अमात्य, परशुराम त्रिंबक प्रतिनिधी, शंकराजी नारायण सचिव, सेनापती धनाजी जाधव, ही सारी मोठी माणसे, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा, एकमेकांत चुरस. या सर्वांना तरुण विधवा बाईने सात वर्षे एका कामाला जुंपून ठेवले. आपल्या मंडळात तीस बायकांचे एकमत होण्यास काय यातायात पडते ते चिटणीसबाईंना विचारा! खाफीखान म्हणून मोगलांच्या बाजूचा इतिहासकार होता. मराठ्यांविषयी त्याला मुळीच प्रेम नव्हते. पण ही बाई हुशार व शहाणी असून नवऱ्याच्या हयातीतच राज्यकारभारात व लष्करी कामात तिचा लौकिक होता, अशा अर्थाचे त्यानेही लिहून ठेवले आहे. शत्रूने दिलेले प्रशस्तिपत्र घरच्यांनी दिलेल्यापेक्षा खरे मानावयास हरकत नाही.

३ मार्च १७०७ रोजी अहमदनगरजवळ औरंगजेब मरण पावला. पंचवीस वर्षे दक्षिणेत घालवून, खजिना रिकामा करून, मराठ्यांचे राज्य न बुडवता तो गेला.

माझा धाकटा मुलगा जगाच्या इतिहासाचे एक पुस्तक वाचत होता. त्यात इराणच्या सायरस बादशहाची हकिगत आहे. पारशी लोक आपल्या मुलांना हे नाव अजून ठेवतात. इसवी सनापूर्वी साडेपाचशे वर्षांच्या सुमारास याने लहानशा राज्याचे मोठे साम्राज्य केले. इ. स. पूर्व ५३९ मध्ये बाबिलोन जिंकले तेव्हा तेथे धरून आणलेल्या ज्यू लोकांना आपल्या देशी परत जाण्याची त्याने मोकळीक दिली. जिंकलेल्यांचे देव आणि चालीरीती त्याने राहू दिल्या. म्हणून त्याच्या मागेही ते राज्य सिकंदर येईपर्यंत, दोनशेच्या वर वर्षे टिकले. असा हा शहाणा बादशहा, पण त्याचा शेवट कसा झाला, तर हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराच्या सांगण्याप्रमाणे एका विधवा राणीशी लढताना! तिचे नाव तोमिरिस. बाई एकटी आहे, राज्य सहज मिळेल, असे त्याला वाटले. त्याच्या मरणाच्या दुसऱ्याही कथा आहेत म्हणतात. पण ही कथा ऐकून मला औरंगजेब आठवला. हजारो वर्षे झाली तरी मोठमोठे राजे हा एकच हिशेब चुकत आले आहेत, की नवरा मेला म्हणजे राज्य निराधार झाले.

येथवर वाचून मी खुशीत होते. आक्कांना उत्तर मिळाले असे वाटले. पण पुढची पाने उलटली आणि माझीच पंचाईत झाली.

औरंगजेब मरताच त्याचा मुलगा आझमशहा याने शाहूला मोकळे सोडले. मराठ्यांत दुफळी व्हावी हाच हेतू. येसूबाईंना मात्र ओलीस ठेवून घेतले, त्या पुढे १७१९ साली सुटल्या. अठरा वर्षांनी पुतण्या घरी येतो आहे, थोरल्या घरचा, संभाजी महाराजांचा मुलगा. कोणीही म्हणेल, गादी त्याची. ताराबाईंनी नकार दिला. त्यांचे म्हणणे असे की, शिवाजी महाराजांनी मिळवलेले राज्य संभाजी महाराजांच्या वेळी गेले. त्यानंतर माझ्या नवऱ्याने आणि मी नव्याने मिळवले, ते माझ्या मुलाचे. १७०७ च्या ऑक्टोबरात खेडजवळ दोन्हीकडच्या फौजा समोरासमोर आल्या. ताराबाईंचा सेनापती धनाजी जाधव शाहूला जाऊन मिळाला. १७०८ च्या जानेवारीत शाहूने साताऱ्यास राज्याभिषेक करवून घेतला. ताराबाई पन्हाळ्यास आल्या आणि १७१० साली त्यांनी आपल्या मुलाच्या नावाने वेगळी गादी मांडली. तीच करवीरची गादी.

आक्का म्हणतात ते खोटे नाही. एका गादीच्या दोन झाल्या, आणि त्या या बाईच्या हातून झाल्या.

त्या दिवशी सासूबाई पडवीत तांदूळ निवडत होत्या. मी पुस्तक मिटून त्यांच्याजवळ बसले आणि सारी हकिगत सांगितली. म्हटले, "आत्याबाई, आता तुम्हीच सांगा, चूक कोणाची?" त्यांनी सूप खाली ठेवले. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "राखलं तिनं आन् मालक दुसराच म्हटल्यावर राग येणारच की गं पोरी."

त्या असे का म्हणाल्या ते मला कळले. त्यांच्याच परवानगीने येथे लिहिते. माझे सासरे वारले तेव्हा सासूबाई पंचविशीच्या आतच होत्या. पदरी दोन लहान मुले. चुलत सासरे मुंबईला गिरणीत. डोंगराकडच्या पडीक माळावर सासूबाईंनी दगड फोडून, बांध घालून भाताची खाचरे पाडली. ताली पावसाने वाहून गेल्या तर पुन्हा रचल्या. १९८२ च्या जानेवारीत मुंबईत गिरण्यांचा संप झाला आणि तो मिटलाच नाही. चुलत सासरे बिऱ्हाड घेऊन गावी आले आणि त्यांनी आपला अर्धा वाटा मागितला. कागदोपत्री तो त्यांचाच होता. सासूबाईंनी कडाडून भांडण केले. गावात त्यांना 'भांडखोर' हे नाव पडले. कोणी म्हटले नाही की, या बाईने माळाचे शेत केले. सगळे एवढेच म्हणाले की, ही दिराला घास देत नाही.

"मग पुढं?" मी विचारले. मला ठाऊक होते, पण त्यांच्या तोंडून ऐकावयाचे होते.

"पुढं काय? पंचांनी मधी बांध घातला. भाऊजींचा वाटा व्हता, त्यो दिला. माझं बी चुकलंच की. दोन वर्सं पोरांस्नी त्यांच्या दारात जाऊ दिलं न्हाई. पोरांनी काय केलं हुतं?" एवढे बोलून त्या पुन्हा निवडू लागल्या.

भगिनींनो, मला ताराराणी समजली ती त्या पडवीत. हक्क शाहूचा होता, आणि कष्ट ताराबाईंचे होते. दोन्ही खरे. इतिहासात आणि संसारातही भांडण खऱ्या-खोट्याचे असते तेव्हा निवाडा सोपा असतो. दोन खऱ्यांचे असते तेव्हा घरे फुटतात.

आणि नातवाला कोंडल्याचे म्हणाल, तर तेही सांगितले पाहिजे. झाकून ठेवलेले चित्र भिंतीवर लावण्यात अर्थ नाही. पन्हाळ्याची गादी ताराबाईंच्या हाती चारच वर्षे राहिली. त्यांनी सवत राजसबाई आणि तिचा मुलगा संभाजी यांना बाजूस सारले होते. १७१४ साली पन्हाळ्यावर उलथापालथ झाली, संभाजी गादीवर आला आणि ताराबाई व त्यांचा मुलगा शिवाजी कैदेत पडले. मुलगा कैदेतच १७२६ साली वारला. ज्याच्यासाठी एवढा अट्टाहास केला तोच राहिला नाही. १७३० साली शाहूच्या फौजेने संभाजीचा पराभव केला, त्या वेळी ताराबाई साताऱ्याच्या लोकांच्या हाती आल्या आणि पुढे त्यांनी साताऱ्यासच राहणे पसंत केले. ज्या पुतण्याशी उभा दावा मांडला त्याच्याच आश्रयाला!

१३ एप्रिल १७३१ रोजी शाहू आणि संभाजी यांच्यात वारणेचा तह झाला. वारणा नदी ही दोन राज्यांची शीव ठरली. उत्तरेकडे सातारा, दक्षिणेकडे करवीर. सासूबाईंच्या भाषेत सांगावयाचे तर पंचांनी मधी बांध घातला. त्यानंतर दोन्ही घरे आपापल्या जागी नांदली.

शाहूला मुलगा नव्हता. तेव्हा ताराबाईंनी आपला नातू रामराजा लहानपणापासून लपवून वाढवला आहे असे सांगितले, आणि डिसेंबर १७४९ मध्ये शाहू वारल्यावर तो साताऱ्याच्या गादीवर बसला. पण तो आजीच्या सांगण्याप्रमाणे नानासाहेब पेशव्यांशी वाकडे घेईना. १७५० च्या नोव्हेंबरात पंचाहत्तर वर्षांच्या या बाईने त्याला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केले. पुढे १७५२ साली जेजुरीला खंडोबापुढे, हा आपला नातू नव्हेच, अशी शपथही घेतली. खरे काय ते खंडोबा जाणे. पण त्या पोराचे आयुष्य मात्र मातीमोल झाले. सत्ता हाती घ्यावयास जेवढे धैर्य लागते तेवढेच ती सोडावयास लागते, आणि हे दुसरे धैर्य ताराबाईंकडे नव्हते, असे मला वाटते. १७६१ च्या जानेवारीत पानिपत झाले, जूनमध्ये नानासाहेब गेले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, ताराबाईंनी साताऱ्यास डोळे मिटले. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतरच्या वर्षी जन्मलेली ही बाई पानिपतापर्यंत सारे पाहून गेली.

आता त्यांच्या मागे काय राहिले, ते पाहू.

त्यांनी मांडलेली करवीरची गादी १७१० पासून १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत, म्हणजे २३९ वर्षे टिकली. सातारची गादी इंग्रजांनी १८४८ साली खालसा केली, त्यानंतरही शंभर वर्षे करवीरची होती. सायरसचे साम्राज्य केवढे आणि आपले करवीर केवढे! पण टिकण्याच्या बाबतीत आपले करवीर थोडे वरचढच ठरले.

या गादीवर पुढेही बायकांनी राज्य राखले. संभाजी वारल्यावर त्याची राणी जिजाबाई हिने दत्तक मुलाच्या नावाने १७६० पासून १७७३ पर्यंत कारभार पाहिला. आपला आजरा इचलकरंजीकर घोरपड्यांच्या जहागिरीत होता, हे जुन्या माणसांना आठवत असेल. त्या घरातही थोरल्या बाजीरावाची बहीण अनुबाई हिने नवऱ्यामागे जहागीर सांभाळली. या भागात एकटी बाई पुढे होऊन कारभार करते याचे लोकांना नवल वाटेनासे झाले, त्याला सुरुवात पन्हाळ्यावरून झाली असे मी म्हटले तर फार चुकीचे ठरू नये.

आणि याच गादीवर राजर्षी शाहू महाराज आले. १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या नोकऱ्या राखून ठेवणारे, १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करणारे आणि त्याच साली विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याचा आधार देणारे ते शाहू महाराज. त्यांची सून इंदुमती लहान वयात विधवा झाली, तेव्हा लोकांची टीका सोसून त्यांनी तिला शिकवले. १७०० साली एका विधवा सुनेने राज्य राखले नसते आणि १७१० साली हट्टाने वेगळी गादी मांडली नसती, तर हे सारे जेथे घडले ती जागाच नसती. घर फोडणाऱ्या बाईने घातलेल्या त्या पायावर पुढे आपल्या पोरीबाळींच्या शाळा उभ्या राहिल्या. दैवाची ही करणी अजब म्हणावी लागेल.

राज्य जिंकणाराचे नाव होते. जिंकलेले राखणारीचे तितके होत नाही. कारण राखणे डोळ्यांना दिसत नाही. वाहून गेलेला बांध दिसतो, टिकलेला बांध कोणाच्या ध्यानात येत नाही. घरसंसारातही तसेच. सात वर्षे राखलेले राज्य लोक एका ओळीत सांगतात आणि भांडण मात्र तपशिलाने सांगतात. ताराबाईंचे दोष आहेत, ते मी वर लपवलेले नाहीत. पण हिशेब मांडावयाचा तर जमा आणि खर्च दोन्ही बाजू मांडाव्या, एवढेच माझे म्हणणे.

हे सारे मी पुढच्या बैठकीत वाचून दाखवले. आक्का ऐकून म्हणाल्या, "नातवाचं मला अजून बी पटलं न्हाई." मी म्हटले, "मलाही पटलेले नाही." मग त्याच म्हणाल्या, "लावा चित्र. पण सुनांस्नी दोन्ही गोष्टी सांगायच्या." हा ठराव एकमताने पास झाला. मंडळाच्या वहीत तो याच शब्दांत लिहिला आहे.

पन्हाळ्यावर ताराराणीचा वाडा अजून दाखवतात. साताऱ्याजवळ कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुलीला त्यांची समाधी आहे. यंदा मंडळाची सहल पन्हाळ्यास न्यावी, अशी माझी सूचना आहे. पावसाळा सोडून कोणताही महिना चालेल. पावसाळ्यात काय होते, ते औरंगजेबाला विचारावे!

सासूबाईंनाही बरोबर न्यावयाचे ठरवले आहे. चुलत सासूबाईही येणार आहेत. दोघी एकाच बाकावर बसणार म्हणतात.

आपल्या मंडळाची उत्तरोत्तर भरभराट होवो, हीच श्रीरवळनाथाच्या चरणी प्रार्थना.